आंब्याखाली काय फुलेल?

गेल्या महिन्यात गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या, आणि उठता उठता एका काकींनी मला विचारलं, "ताई, घरामागचा आंबा काढून टाकला तर तिथे फुलं होतील काय गो?" आंबा रायवळ, त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीचा. हल्ली फळ एक वर्षाआड येतं, तेही निम्मं वानर खातात. लाकडाला गिऱ्हाईक दारात उभं होतं. चार पैसे लाकडाचे आणि नंतर रोजचे पैसे फुलांचे, असा काकींचा सरळ हिशोब.

मी त्यांना म्हटलं, एवढ्यात तोडू नका, आधी त्याच्या सावलीत काय होतं ते बघू. एक तर आंबा, फणस ही झाडं आपल्या मालकीची असली तरी परवानगी काढल्याशिवाय तोडता येत नाहीत. पण माझ्या बोलण्याचं कारण ते नव्हतं. कारण सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

चार वर्षांपूर्वी आमच्याच गटातल्या दोघी जावांना मी मोगरा लावायचा सल्ला दिला होता. मोगऱ्याला भाव असतो, गजरे हातोहात जातात, हे सगळं खरं. त्यांची जागा फणसाखाली होती. मी जागा बघितली, माती बघितली, पाणी बघितलं. वर मान करून बघितलं नाही. गटातून कर्ज घेऊन त्यांनी कलमं आणली. पावसाळ्यात मोगरा असा काही वाढला की मला बरं वाटलं, हिरवागार पाला, लांब लांब फांद्या. मार्चमध्ये कळी धरायची वेळ आली. कळी आली नाही. एप्रिलमध्ये कुठे एक, कुठे दोन. त्या दोघींनी कर्जाचे हप्ते लावणीच्या मजुरीतून फेडले. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग मी विचारायला सुरुवात केली. कृषी सहायकांना विचारलं, रोपवाटिकावाल्यांना विचारलं, आणि गावातल्या ज्या आज्यांच्या परड्यात बारा महिने फुलं असतात त्यांना विचारलं. आज्यांकडून सगळ्यात जास्त कळलं.

झाड आपलं अन्न पानात, उन्हाच्या मदतीने तयार करतं हे आपण शाळेत शिकलो. सावलीत हे अन्न कमी होतं. कमी अन्नात झाड आधी जगायला बघतं. ते पानं रुंद करतं, फांद्या लांब करतं, उजेडाकडे धावतं. फूल म्हणजे त्याचा वरखर्च. हातात शिल्लक असेल तर फूल. मोगऱ्याला ती शिल्लक पडायला दिवसभराचं ऊन लागतं. त्यामुळे सावलीतल्या झुडपाचा हिरवागार पाला बघून खूश होऊ नका. तो पाला उपाशी झाडाची धडपडही असू शकते.

पण काही झुडपं जन्मानेच सावलीची असतात. रानात मोठ्या झाडांच्या खाली त्यांचं कूळ वाढलेलं असतं. त्यांना दुपारचं कडक ऊन दिलं तर उलट पानं पिवळी पडतात, कडा करपतात. आपल्याला अशीच झुडपं शोधायची आहेत.

आता कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, उघड्या शेतात लावा की फुलं. बरोबर आहे. पण शेत कुणाच्या नावावर आहे? आपल्या बहुतेक जणींच्या नावावर गुंठाही नाही. शेतात भात लावायचा की कलमं, हे घरातले पुरुष ठरवतात. परड्यातली, झाडाखालची, चुलीच्या मागची जागा मात्र कुणी आपल्याला विचारत नाही. ती रिकामी असते म्हणून आपली असते. म्हणून झाडाखाली काय होतं हा प्रश्न माझ्या मते निव्वळ बागकामाचा नाही.

तर आधी सावली मोजायची. त्याला यंत्र लागत नाही, मूठभर रांगोळी किंवा राख पुरते. सकाळी आठला झाडाखाली जा. जमिनीवर जिथे जिथे ऊन पडलंय त्याच्याभोवती राखेची रेघ ओढा. पुन्हा दहाला, बाराला, दोनला, चारला. दर वेळी रेघ वेगळी काढा, एकदा ठिपक्यांची, एकदा सरळ. संध्याकाळी बघा. काही जागी दिवसभरात एकही रेघ नसेल. ती गडद सावली, तिथे फुलांची आशा धरू नका. तिथे बसायला बाक टाका, लाकडं रचा. काही जागी दोन-तीन रेघा एकमेकींवरून गेलेल्या असतील, म्हणजे तिथे तीन-चार तास तरी ऊन फिरतंय. ती आपली जागा. आणि जिथे पानांतून गाळून आलेला कवडशांचा उजेड दिवसभर हलत असतो, तीही आपली जागा.

हे काम एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा थंडीत करा, कारण सूर्य जागा बदलतो. आपल्याकडे कोकणात मे महिन्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून झाडाची सावली उत्तरेला लांब जाते आणि दक्षिणेची बाजू बुंध्यापर्यंत उजळते. थंडीतल्या फुलांसाठी दक्षिणेची बाजू धरा. पूर्वेची बाजू सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी सावली. पश्चिमेला उलटं, सकाळभर सावली आणि तीन वाजता तोंडावर आग. तिथे नाजूक काही लावू नका.

झाडाझाडाच्या सावलीतही फरक आहे. नारळाखाली उजेड गाळून येतो, आणि नारळाची कामाची मुळं बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, त्यामुळे दोन झाडांच्या मधली जागा मोकळी मिळते. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रातली 'लाखी बाग' तुम्ही ऐकली असेल. नारळाच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची झाडं घ्यायची, ही तिची कल्पना. आपण मसाल्याच्या जागी फुलं म्हणू. फणस, चिकू, कोकम यांची सावली दाट. रायवळ आंबा उंच असेल तर बरा, खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतील तर कठीण.

हापूसची कलमं मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि हे नीट ऐका. आंबा लवकर मोहरावा म्हणून पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती जमिनीत पॅक्लोब्युट्राझोल घालतात, आपण ज्याला सरसकट कल्टार म्हणतो. ते झाडाची वाढ रोखतं, आणि मातीत बराच काळ राहतं. त्या मातीत लावलेलं झुडूपही खुरटतं. शिवाय मोहराच्या दिवसांत तुडतुड्यासाठी, भुरीसाठी फवारण्या होतात. ते औषध ठिबकून खालच्या फुलांवर पडणार. ती फुलं आपण उघड्या हाताने खुडणार, दोरा दातात धरून ओवणार आणि लेकीच्या केसात माळणार. फवारणीच्या कलमांखाली फुलझाड नकोच. बिनफवारणीचं घरचं रायवळ झाड असेल तरच.

आता सावलीपेक्षाही जास्त रोपं कशाने मरतात, तर तहानेने. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी आंब्याखालची माती बोटभर खाली कोरडी सापडते. पहिल्या सरी पानांवरच थांबतात. पाणी गळतं ते झाडाच्या घेराच्या कडेला, छत्रीसारखं. शिवाय झाडाची खाणारी-पिणारी बारीक मुळं वरच्या हात-दीड हातातच पसरलेली असतात. म्हणजे तुम्ही रोपाला घातलेल्या तांब्यातला अर्धा तांब्या आंबाच पितो. हे वाईट नाही, पण हिशोबात धरा. आळं रुंद आणि उथळ ठेवा, पाणी सावकाश घाला. थंडीत आठवड्यातून दोनदा, मार्चपासून एक दिवसाआड.

खड्डा खणताना कुदळ जपून. मोठ्या झाडाखाली सलग वाफा खणायचा नाही. खुरप्याने चाचपून मुळांच्या मधली मऊ जागा शोधायची आणि तिथेच वीत-दीड वीत खड्डा घ्यायचा. अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं की तो खड्डा सोडा, पुढे सरका. रोपं ओळीत येणार नाहीत. न येऊ देत. खड्ड्यात निघालेली माती, तितकंच कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. एक चूक हौसेने होते ती म्हणजे बुंध्याभोवती दगड रचून, माती भरून कट्टा करायचा आणि त्यात फुलं लावायची. दिसतं छान. पण खोडाशी माती चढली की साल कुजते आणि खालच्या मुळांना हवा मिळत नाही. फुलांसाठी शंभर वर्षांचं झाड घालवू नका. जांभा कातळ वर आलाय, खड्डा निघतच नाही, अशी जागा असेल तर जुनी घमेली, फुटके हंडे, सिमेंटच्या गोणी खालून भोकं पाडून वापरा.

पातेरा जाळू नका, हेही सांगते. भाजवळीला लागतो, ठाऊक आहे, घरात त्यावरून बोलणी होतील. पण निदान रोपांभोवतीचा तीन-चार बोटं पातेरा तिथेच राहू द्या. ओल टिकते आणि वर्षभरात त्याचंच खत होतं. फक्त पातेऱ्यात फुरसं असतं. पहाटे फुलं खुडायला जाताना पायात काहीतरी घाला, बॅटरी घ्या, आणि हात घालायच्या आधी काठीने पातेरा हलवा. चावलंच तर झाडपाला, मांत्रिक यात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना.

काय लावायचं? माझं पहिलं उत्तर अबोली. गोव्यात, सिंधुदुर्गात वळेसर म्हटला की अबोली आलीच. तिला वास नाही, पण रंग असा की सावळ्या केसातही दिवा लावल्यासारखा. तिची खरी किंमत टिकण्यात आहे. मोगरा संध्याकाळी खुडला तर सकाळी तपकिरी होतो, अबोलीचा वळेसर दुसऱ्या दिवशीही नेसत्या लुगड्यासारखा नीट असतो. ज्या गावाहून बाजाराला जायला सकाळची एकच एसटी आहे, तिथल्या बाईला हा फरक कळतो.

अबोली अर्धसावलीत खूश असते. नारळाखाली, सुपारीच्या कडेला, उंच आंब्याच्या पूर्वेला. अगदी काळोखात मात्र तीही नुसती उंच होते. बियांपासून येते, पण बी जमवणं म्हणजे गंमत आहे. तिच्या तुऱ्यावरच्या शेंगा वाळल्या की त्यांना पाण्याचा थेंब लागायचा अवकाश, टचकन फुटतात आणि बी लांब उडतं. लहानपणी आम्ही पाण्यात बोट बुडवून ते फटाके वाजवायचो. म्हणून पावसाआधीच, तुरा तपकिरी झाला की दुपारच्या वेळी कापून घ्यायचा. बी ताजं पेरायचं, जुनं झालं की उगवत नाही. मे महिन्यात गादीवाफ्यावर किंवा पिशव्यांत पेरलं तर १५-२० दिवसांत उगवतं आणि जुलैत लावणीला येतं. दोन रोपांत दीड फूट ठेवा. लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत पहिले तुरे दिसतात. रोपवाटिकेत 'दिल्ली अबोली' म्हणून गडद केशरी जात मिळते, फूल चांगलं, पण ती बी धरत नाही. ती वाढवायची तर फाटे लावूनच.

फुलं तुऱ्यावर खालून वर उमलत जातात. एक दिवसाआड, ऊन चढायच्या आधी खुडा. तुरा संपला की देठासकट कापून टाका, नाहीतर झाड बी पोसत बसतं आणि नवा तुरा रेंगाळतो. बियांसाठी दोन-चार झाडं वेगळी सोडा. मुसळधार पावसात फुलं कमी होतात, पाऊस ओसरला की पुन्हा भर येतो. दोन-तीन वर्षं झाड चांगलं देतं, मग नवं लावायचं.

तिचा एक शत्रू आहे. भर फुलावर असलेलं झाड अचानक माना टाकतं, पाणी घातलं तरी उठत नाही. उपटून बघितलं तर मुळं काळी. ही मर, आणि तिच्या जोडीला बऱ्याचदा मुळांत सूत्रकृमी असतात, डोळ्यांना न दिसणारे. असं झाड मुळासकट उपटून लांब नेऊन जाळा. त्या जागी लगेच अबोली नको. मरीचं निम्मं कारण साचलेलं पाणी असतं, म्हणून पावसाळ्यात आळं मोडून रोपाशी माती किंचित उंच करा. सूत्रकृमींवर झेंडूची मुळं काम करतात, पण झेंडूला ऊन लागतं, त्यामुळे गाळून येणाऱ्या उजेडाच्या जागी निंबोळी पेंडेवरच भागवावं लागतं.

अबोलीनंतर तगर. फार लाडाची नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी खोचली की लागते. चीक असल्यामुळे शेळी सहसा तोंड लावत नाही, आणि ज्यांच्या परड्याला गडगा नाही त्यांना हे मोठं सुख आहे. पांढरं फूल पूजेला रोज लागतं. दुहेरी तगर हारात भरते.

अनंत अर्धसावलीत चांगला, आणि आपली जांभ्याची आंबट माती त्याला मानवते. त्याच्या आळ्यात चुलीतली राख टाकू नका, पानं पिवळी पडतात. पाणी कधी भरपूर, कधी चार दिवस नाही, असं झालं की कळ्या गळतात. कोरांटी सगळ्यात चिवट, कोरड्या सावलीतही तग धरते, आणि दिवाळीपासून पुढे थंडीभर फुलते. कुंती कुंपणाला लावा. एक्झोरा कडेला, जिथे थोडं जास्त ऊन आहे तिथे. ओल टिकणारी जागा असेल, न्हाणीचं पाणी जातं तिथे, तर सोनटक्का. तो झुडूप नाही, हळदीसारखा गड्ड्यांवर वाढतो, पण श्रावण-भाद्रपदात त्याच्या वासावर गिऱ्हाईक येतं. साबणाचं पाणी मात्र वेगळं काढा. जास्वंद, गुलाब, शेवंती, कण्हेर ही सगळी उन्हाची. आणि मोगरा. मोगऱ्याचं तर सांगितलंच.

झाड न तोडताही थोडा उजेड विकत घेता येतो. आंबे उतरल्यावर लगेच, खालच्या जमिनीकडे झुकलेल्या आणि मध्ये एकमेकींत गुंतलेल्या काही फांद्या काढायच्या. एका वर्षात झाडाच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. जाणत्या माणसाकडून, करवतीने, फांदीला आधार देऊन. कोयत्याने तोडली की साल सोलत खाली येते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या हिशोबाने. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही.

विक्रीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर वेगळं बोलायला हवं. सुटी फुलं विकण्यापेक्षा ओवून विका, आपल्या बोटांचे पैसे आपल्याकडे राहतात. गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नसराई, या दिवसांची आधी यादी करा. आणि पहिल्या वर्षी कर्ज काढू नका. हे मी माझ्या मोगऱ्याच्या जिवावर बोलते आहे. अबोलीचं बी, तगरीचे फाटे, सोनटक्क्याचे गड्डे हे सगळं गावात कुणा ना कुणाच्या परड्यात आहे. मागून आणा. वर्षभर दहा-वीस झाडं फुलवून बघा, जागा काय म्हणते ते कळेल, मग वाढवा.

काकींचा आंबा अजून उभा आहे. आम्ही दोघींनी एका रविवारी त्याच्याखाली राखेच्या रेघा ओढल्या. त्यांचा नातू मागे मागे रेघा पुसत होता, म्हणून काही दोनदा ओढल्या. पूर्वेला आणि दक्षिणेला मिळून साधारण दोन खाटांएवढीच जागा कामाची निघाली. काकींचं तोंड उतरलं. बाकीची सगळी गडद सावली. मग त्यांनी वर बघितलं आणि खालच्या दोन फांद्या दाखवून म्हणाल्या, "ह्या गेल्या तर?" त्या गेल्या तर अजून एक खाटेची जागा होईल, असं मला वाटतं. आंबे उतरले की फांद्या काढू, आणि पुन्हा रेघा ओढून बघू. लाकडाचं गिऱ्हाईक अजून फेऱ्या मारतंय. काकींनी त्याला पावसाळ्यानंतर ये म्हणून सांगितलंय. नाही म्हटलेलं नाही, हेही खरं.

त्या फणसाखालच्या जावांपैकी धाकटीने मोगऱ्याच्या जागी गेल्या वर्षी अबोली लावली. फणसाच्या नारळाकडच्या कडेला, आत नाही. तिच्याकडे या वर्षी भरपूर तुरे सुकायला आलेत. ज्यांना बी हवंय त्यांनी पुढच्या बैठकीला येताना कागदी पिशवी आणा. प्लास्टिकची नको, तिच्यात घाम धरतो आणि घरी पोचेपर्यंत शेंगा आतच फुटून जातात.